सदतीस नंबरची दुपार

वानरसभेचा पहिला नियम चहाचा होता. बोलता बोलता कुणी एखाद्या वानराला माणसाचा शब्द चिकटवला, म्हणजे 'ती रुसली', 'तो खजील झाला' असं काही तोंडून निसटलं, की त्यानं उठायचं आणि सगळ्यांसाठी चहा करायचा. रुसली म्हणायचं नाही, 'पाठ फिरवून चार मिनिटं बसली' म्हणायचं. डॉ. पुंडलिक गावंडे यांनी तीस वर्षांपूर्वी हा नियम घातला तेव्हा पहिल्याच महिन्यात विभागातली साखर दोनदा संपली होती.

कागदोपत्री सभेचं नाव 'प्राइमेट जीवशास्त्र आणि उत्क्रांती चर्चागट' असं भारदस्त होतं, पण विद्यापीठात शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळे तिला वानरसभाच म्हणत. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता प्राणिशास्त्र विभागाच्या मागच्या लांबट खोलीत ती भरे. खिडकीतून सालईटेकडी दिसायची. वारा तिकडून असला की टेकडीवरच्या हुप्प्याचा आवाज ऐन चर्चेत घुसायचा, आणि मग कुणीतरी हमखास म्हणायचं, "घ्या, अध्यक्षांचं मत आलं."

दुसरा नियम, वानरांना नावं ठेवायची नाहीत, फक्त नंबर. तिसरा नियम गावंडे सरांच्याच अक्षरात भिंतीवर लावलेला होता : 'निरीक्षक म्हणजे दगड.' टेकडीवर जाऊन बसायचं ते असं, की वानरांच्या लेखी आपण नसलोच पाहिजे. खायला द्यायचं नाही, नजरेला नजर द्यायची नाही, तोंड उघडायचं नाही.

सर स्वतः एका बेहड्याच्या झाडाखाली असे एकवीस वर्षं बसले. आता ते सभेत खिडकीजवळच्या खुर्चीवर बसत. वय अठ्ठ्याहत्तर, हात मांडीवर, तोंडात कायमची एक लवंग. शेजारी बसलेली चौतीस वर्षांची बाई आपली मुलगी आहे, हे त्यांना आता ठाऊक नव्हतं.

रेवाला ते 'बाई' म्हणत. रोज संध्याकाळी घरात दिवे लागले की अदबीनं सांगत, "बाई, तुम्ही निघा आता. घरचे वाट बघत असतील." सुरुवातीला ती समजावून सांगायची, फोटो काढून दाखवायची. पण ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी. हल्ली ती नुसतं "हो, निघते" म्हणायची आणि स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळायला घ्यायची.

तिचा बापावर राग होता, आणि तो जुना होता. तिच्या सगळ्या लहानपणात सर टेकडीवर असायचे. दहाव्या वाढदिवशी मैत्रिणी केक खाऊन घरी गेल्या, आईनं सरांच्या वाटचा तुकडा झाकून ठेवला, आणि मग कधीतरी फाटकाशी सरांची ती नेहमीची हाक आली. 'रे' तोकडा आणि 'वा' लांबच लांब, दार उघडेपर्यंत चालणारा. सरांच्या कॉलरवर पाचोळा होता आणि शर्टाला लवंगेचा वास. ती त्या दिवशी दार उघडायला गेलीच नाही. मोठी होऊन ती शिकली काय, तर वानरंच. बाप भेटलाच तर तिकडेच कुठेतरी भेटेल, असं तिच्या मनात असावं. आई गेली, आणि मग सरांच्या डोक्यातून एकेक माणूस उठून जायला लागलं. आता तिला एकच हवं होतं. तीच हाक, एकदा.

*

वानरसभेत अलीकडे चर्चेपेक्षा झोपच जास्त व्हायची. त्याला कारण विभागातल्या नझीर काझीची टोपी.

सजीव एखाद्या वाटेनं जातो तेव्हा मेंदूच्या एका वळलेल्या, बोटाएवढ्या भागात ठरावीक पेशी ठरावीक क्रमानं लुकलुकतात. ही फांदी, मग ती फांदी, मग पाण्याचा डोह, अशा. तो झोपला की त्याच पेशी तोच क्रम पुन्हा गिरवतात, पण कितीतरी पट वेगानं, एखाद्यानं दिवसभराची वही चाळावी तशा. उंदरांमध्ये हे फार पूर्वीच दिसलं होतं. नझीरनं पुढचं पाऊल टाकलं. वानराच्या टाळूच्या कातडीखाली तांदळाएवढा एक 'टिपणीस', म्हणजे नोंद घेणारं यंत्र, बसवला, आणि त्यानं टिपलेला क्रम झोपलेल्या माणसाच्या मेंदूत, त्याच वळलेल्या भागात, ऐकू न येणाऱ्या ध्वनीच्या बारीक टिचक्यांनी उमटवणारी टोपी बनवली. माणूस आणि वानर यांच्या वाटा फुटून अडीच-तीन कोटी वर्षं झाली, पण हा भाग दोघांकडेही त्या जुन्या घरातूनच आला आहे. त्यामुळे टिचक्या पडल्या की माणसाचा मेंदू त्यांत आपले रंग भरतो, आणि माणसाला स्वप्न पडतं. झाडाचं, पाल्याचं, उड्यांचं.

अट एकच. वानर आणि माणूस एकाच वेळी झोपलेले हवेत. रेकॉर्ड करून ठेवलेली झोप माणसाचा मेंदू धरत नाही. दोन्ही लयींना एकमेकींशी जुळवून घेत जावं लागतं. सालईटेकडीची वानरं दुपारी झोपत, म्हणून सभाही दुपारी झोपे. दर गुरुवारी एकजण कोपऱ्यातल्या गादीवर आडवा व्हायचा, बाकीचे हळू आवाजात बोलत राहायचे, आणि उठल्याउठल्या त्यानं विसरायच्या आत सगळं सांगायचं. पुण्या-मुंबईच्या दोन कंपन्या आत्ताच दाराशी येऊन गेल्या होत्या. शहरातल्या दमलेल्या माणसांना त्यांना 'जंगलातली वामकुक्षी' विकायची होती.

टिपणीस बसवलेली वानरी एकच होती, सदतीस नंबर. पंचवीस वर्षांची, म्हणजे वानरांत पणजी.

तिचे संकेत टोपीकडे जाण्याआधी एका गाळणीतून जात. हा प्रोग्रॅम रेवानंच लिहिला होता. माणसाची चाहूल लागल्यावर वानरीच्या डोक्यात जे काही हलतं, ते सगळं तो वजा करायचा. निरीक्षक दगड असतो, तेव्हा त्याच्यामुळे झालेलं काहीही अशुद्धच, असं मानून पिढ्यान् पिढ्या सभेनं वह्यांतल्या अशा नोंदी खोडल्या होत्या. रेवानं तीच शिस्त यंत्राला शिकवली.

माघात एका वादळी दुपारी सरांचा तो जुना बेहडा पडला. झाडाबरोबर वानरांचे रस्ते बदलले आणि गाळणी गोंधळली. नझीर म्हणाला, "एक गुरुवार न गाळता घेऊ या. नवा नकाशा तरी मिळेल." पाळी रेवाची होती.

ती झोपली आणि हात लांब झाले. फांदीची साल तळव्यांना ओळखीची लागत होती. वर ऊन पानांतून गळत होतं, आणि पान तोंडात घेतलं की आधी तुरट लागून मग कुठूनतरी गोड लागायचं. खाली जमीन होती, पण ती खोल नव्हती, पडायची भीतीच नव्हती. बेहडा उभा होता. पडला होता तरी उभा होता. आणि बुंध्याशी काहीतरी होतं. त्याला चेहरा नव्हता. ते ऊबदार होतं, त्याला लवंगेचा वास होता, आणि ते आलं की कुत्री येत नसत, बिबट्या येत नसे. ते आलं की अंगातला ताण एकेका बोटातून निघून जायचा आणि डोळे जड व्हायचे. मग त्याच्यातून एक आवाज यायचा. एक तोकडा, एक लांब. तोकडा, लांब. त्या आवाजावर शेपूट फांदीवरून सैल सुटायची.

रेवा उठली ती हुंदक्यासकटच. सगळे पेनं सरसावून बसले होते आणि तिनं मान खिडकीकडे वळवली. खिडकीजवळ सर लवंग चघळत टेकडीकडे बघत होते.

*

दुसऱ्या दिवशी तिनं टेकडीवर देवमन कासदेकरला गाठलं. देवमन कोरकू आदिवासी, सभेचा वाटाड्या, पंचवीस वर्षं वानरांच्या मागावर. कुठलं वानर कुठल्या झाडावर आहे हे तो वासावरून सांगतो, अशी त्याची ख्याती होती.

"देवमनदादा, सर इथं बसायचे तेव्हा बोलायचे का?"

"बोलत होते ना," देवमन म्हणाला. "रोज बोलत. आज रेवानं हे केलं, आज रेवाचा पेपर आहे, रेवा माह्यावर रागावली. अन् निघताना तुमाले हाक मारून पाहत. म्हणत, देवमन, सराव करून राहिलो, घरी गेल्यावर पोरीनं दार उघडलं पाह्यजे."

"आणि तुम्ही कधी सांगितलं नाही?"

"इचारलं कोणं? तुमी सगळे वानराचंच इचारता." त्यानं वर बोट केलं. पडलेल्या बेहड्याशेजारच्या सालईवर सदतीस नंबर अंग चोरून बसली होती. "म्हातारी आता काही जास्त दिवसाची नाही, मॅडम. पाला तोंडात घेते अन् टाकून देते."

रेवा तिथेच पाचोळ्यावर बसली. एकवीस वर्षं दगड व्हायला निघालेला माणूस तिचं नाव घेत बसला होता, आणि तिनंच गाळणी लिहून त्याला बाहेर टाकला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो याहून वेगळा नसावा.

संध्याकाळी तिनं जुन्या नोंदी काढून वर्षवार ओळीनं मांडल्या. सरांचं नाव जगात झालं ते 'सालईटेकडीच्या विश्रांती'मुळे. इतर कुठल्याही कळपात वानरं भरदुपारी इतकी गाढ झोपत नाहीत, इथली मात्र अडीच-अडीच तास झोपतात, यावर सरांनी झोपेच्या उत्क्रांतीचा एक मोठा विचार उभा केला होता. पण सहा वर्षांपूर्वी सरांचं टेकडीवर जाणं बंद झालं आणि ती झोप दरवर्षी आटत चालली होती. सभेनं त्याचं खापर वाढत्या उन्हावर फोडलं होतं. आता चाळीस मिनिटं उरली होती, तीही म्हाताऱ्या वानरांपुरतीच. वानरं झोपत होती, कारण खाली सर होते. सरांनी जन्मभर मोजलं ते स्वतःलाच.

*

"म्हणजे माझा प्रबंधही गेला," कुमुद बोबडे मॅडम म्हणाल्या. त्या एकसष्ट वर्षांच्या, विभागप्रमुख, सरांच्या पहिल्या विद्यार्थिनी. रेवानं आलेख त्यांच्या टेबलावर ठेवले होते. नझीर दाराशी उभा होता.

"मॅडम, मला टोपी बाबांना घालायची आहे. न गाळता. सदतीस आहे तोवर."

"कशासाठी? त्यांची स्मृती परत येईल म्हणून?"

"नाही येणार, हे मला कळतं."

"मग?"

रेवानं ओठ आवळले. "ती हाक त्या वानरीकडे आहे, मॅडम. आता जगात फक्त तिच्याकडे आहे. त्यांच्याकडे नाही. मला ती त्यांना परत द्यायची आहे. आणि खरं सांगू? मला ती ऐकायची आहे."

मॅडमनी चष्मा काढला. "रेवा, सरांनी दगड व्हायला आयुष्य घातलं. बायको-मुलीचा वेळ त्यात घातला. ते जमलं नाही, उलट त्या न जमण्यानंच सगळं बिघडवलं, हे तू त्यांना आता दाखवणार? त्यांना काही कळत नाही ही देवाची दया समज. आणि एकदा हे नोंदलं गेलं की मला लपवता येणार नाही. सरांचा 'विश्रांती'वरचा तो पेपर मागे घ्यावा लागेल. लोक हसतील."

"हसू देत."

"तुला त्यांच्यावर सूड तर उगवायचा नाही ना?"

हा प्रश्न रेवाला लागला, कारण तो अगदीच खोटा नव्हता. दहा वर्षांची एक मुलगी अजून दाराआड उभी होती. ती म्हणाली, "कालपर्यंत विचारलं असतंत तर हो म्हणाले असते. आता नाही. मॅडम, मला वाटायचं ते वानरांसाठी मला सोडून जातात. ते मला घेऊन जात होते."

मॅडमनी आलेख गोळा करून फायलीत ठेवले. मग त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि कोरड्या आवाजात म्हणाल्या, "टोपी त्यांच्या डोक्याला सैल होईल. नझीर, माप घे. पेपर मागे घ्यायचं पत्र मी लिहीन. माझ्यासारखं सरांचं मराठी-इंग्रजी दुसऱ्या कुणाला येत नाही."

*

गुरुवारी सरांना काही सांगावं लागलं नाही. गादी बघून ते स्वतःच आडवे झाले, जणू सभेत आपली पाळी आहे हे त्यांना ठाऊक होतं. नझीरनं टोपी घातली. देवमन टेकडीवरून फोनवर होता. "बसली," तो कुजबुजला. मग "मान टाकली." मग "झोपली बाप्पा."

बाहेर फाल्गुनाचं पांढरं ऊन होतं आणि टेकडीच्या पायथ्याशी पळस पेटला होता. खोलीतला पंखा हळू फिरत होता. सरांच्या पापण्यांखाली बुबुळं हलायला लागली, आणि मग त्यांची बोटं, पातळ, सुरकुतलेली, गादीच्या कडेला एखाद्या फांदीसारखी धरून राहिली. रेवाला वाटलं, आपणही झोपलो आहोत, सगळी सभाच झोपली आहे, आणि तिकडे सालईवर झोपलेली एक म्हातारी आम्हा सगळ्यांना स्वप्नात बघते आहे. एकोणीस मिनिटं कुणी पान उलटलं नाही.

सरांनी डोळे उघडले.

बोबडे मॅडमनी वही उघडली आणि तीस वर्षांपूर्वीसारखं विचारलं, "सर, निरीक्षण?"

"बेहडा," सर म्हणाले. आवाज स्वच्छ होता, वर्गातला. "मधली फांदी. ऊन दक्षिणेकडून. शत्रू नाही. खाली एक माणूस बसला आहे."

"कोण माणूस, सर?"

"ओळखीचा नाही. लवंग खातो. बरा आहे." त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण चूक करतो. बोलतो. निरीक्षकानं बोलायचं नसतं."

"काय बोलतो?"

सरांनी खिडकीकडे तोंड केलं आणि हाक मारली. 'रे' तोकडा, 'वा' लांब. लांबच लांब, खोली ओलांडून, पळस ओलांडून. रेवा उठून उभी राहिली. सरांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते नुसती नोंद देत होते.

"असं," ते म्हणाले. "पुन्हा पुन्हा. त्याला कुणीतरी सांगायला हवं की अशानं सगळी नोंद बिघडते. पण ती वानरी आहे ना, ती त्याची वाट बघते." मग त्यांच्या तोंडावर मिस्कील, पकडलं गेल्याचं हसू आलं. "वाट बघते म्हणालो का मी?"

"म्हणालात, सर," बोबडे मॅडम म्हणाल्या. त्यांना वही नीट दिसत नव्हती.

"मग चहा माझ्याकडे."

सदतीस नंबर त्यानंतर अकरा दिवस जगली. देवमननं तिला पडलेल्या बेहड्याच्या खड्ड्यातच पुरलं, आणि सभेच्या वहीत तिच्या नंबरापुढे 'मृत्यू' एवढंच लिहिलं गेलं. तेवढंच लिहायचा नियम होता.

पण त्या गुरुवारी अजून ती टेकडीवर झोपलेली होती, आणि इकडे सर कोपऱ्यातल्या शेगडीशी उभे होते. रेवा मदतीला गेली. त्यांच्या हातांना सगळं ठाऊक होतं. आलं ठेचणं, उकळी, दूध वर आलं की आच कमी करणं. त्यांनी कप ओळीनं मांडले आणि गाळणी तिच्या हातात दिली.

"बाई, एक काम कराल?" ते हळूच म्हणाले, सभेला ऐकू जाऊ नये अशा बेतानं. "तो झाडाखालचा माणूस तुम्हाला कुठं भेटला तर त्याला म्हणावं, बाबा रे, पुरे झालं, घरी जा. पोरीचं नाव घेत बसतो दिवसभर. ती दाराशी उभी असेल."

रेवानं कपांवर गाळणी धरली. वाफेनं तिचा चेहरा ओला झाला, आणि ते बरंच झालं.

"उभी आहे," ती म्हणाली. "आणि तो येतो घरी. उशिरा येतो, पण येतो."

"हां," सर म्हणाले. त्यांना फार बरं वाटलेलं दिसलं. "मग ठीक आहे." आणि त्यांनी पहिला कप तिच्यापुढे सरकवला.